वाट सोडलेलं मडकं

जूनमध्ये फिनिक्सला गाडी उन्हात उभी केली की डिकीची भट्टी होते, हे इथे सात वर्षं काढल्यावर मला माहीत असायला हवं होतं. तरी उत्तर ॲरिझोनातून आणलेलं मडकं मी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलं आणि विसरले. चांगले दोन दिवस. काढलं तेव्हा कागद त्याच्या अंगाला चिकटून बसलेला. सोलायला गेले तर वरचा पापुद्रा हातात आला आणि शाई मडक्याच्या पोटावरच राहिली: जुन्या गाड्यांच्या सेलची जाहिरात, उलट्या अक्षरांत. मी कपाळावर हात मारून घेतला खरा, पण त्याच वेळी वास आला आणि मी जिन्यातच थांबले. राळेचा वास. आजी तिन्हीसांजेला निखाऱ्यावर ऊद आणि राळ टाकायची, तसा.

मडक्याला राळेचाच लेप होता. नवाहो या तिथल्या मूलनिवासी जमातीतल्या बायका मडकं भाजून निघालं की गरम असतानाच त्यावर पिन्योन पाइनची वितळलेली राळ आतून-बाहेरून फासतात. त्याने पाणी झिरपत नाही आणि तपकिरी मातीला मधासारखी झाक येते. चुलीजवळ किंवा डिकीत ठेवू नका, असं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं नव्हतं. ते कळण्याइतकी अक्कल घेणाऱ्याला असेल, असं त्यांनी धरलं असावं.

खरं तर हे माझं दुसरं नवाहो मडकं. पहिल्याची गोष्ट सांगायला जरा लाज वाटते. पर्यटकांच्या गर्दीच्या एका गावात, कुठल्या ते राहू द्या, एका दुकानात मी भाळून एक फुलदाणी घेतली होती. काळ्या रंगावर पांढरं कोरीवकाम, निळ्या-लाल पिसांची नक्षी, मधोमध लांबोडक्या देहाची, चौकोनी मुखवट्याची देवता. बुडाशी सही, सहीखाली ‘नवाहो’. सोबत ‘पवित्र’, ‘पारंपरिक’ वगैरे शब्द छापलेलं कार्ड. घरी आणल्यावर कधीतरी पुसायला म्हणून आत हात घातला आणि थबकले. आत काहीच नव्हतं. म्हणजे बोटांचा माग नव्हता, खरवडल्याची खूण नव्हती. नुसता कपबशीसारखा पांढरा गुळगुळीतपणा, आणि एका बाजूने खालपासून वरपर्यंत गेलेली साच्याची बारीक शिवण. आमच्या गावच्या कुंभारवाड्यात वाढलेल्या कुणालाही हे दुकानातच कळलं असतं. मडकं पारखायचं ते आतून.

नंतर समजलं, की हा रीतसर धंदा आहे. साच्यात ओतून काढलेली तयार भांडी आणायची, रंगवायची, रंगावर नक्षी कोरायची. रंगवणारे हात बहुतेकदा नवाहोच असतात, त्यामुळे ‘नवाहो’ हा शब्द अगदीच खोटा नसतो. १९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की मूलनिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकता येणार नाही. पण माती कुणी मळली आणि रंग कुणी दिला यातली फट एवढी बारीक आहे, की कायद्याच्या चाळणीतून ती सहज निसटते. मी रागावले होते. आता तेवढा राग उरलेला नाही. ती सही कुण्या बाईने केली, तिच्या घरात त्या दिवशीचं पीठ-मीठ त्यावर आलं असेल. फसवलं ते त्या छापील कार्डाने.

दुसऱ्या मडक्यासाठी मात्र मी वाट वाकडी केली. फ्लॅगस्टाफहून उत्तरेला निघालं की डाव्या हाताला सॅन फ्रान्सिस्को पीक्स बराच वेळ सोबत करतात. नवाहो स्वतःला ‘दिने’ म्हणतात, म्हणजे माणसं. त्यांच्या चार दिशांच्या चार पवित्र पर्वतांपैकी हा पश्चिमेचा, पिवळ्या रंगाचा. पूर्वेचा पांढरा, दक्षिणेचा निळा, उत्तरेचा काळा. या चौघांच्या मधला तो आपला देश, असा त्यांचा हिशोब. सरकारी नकाशावरची नवाहो नेशन सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरची आहे, महाराष्ट्राच्या पाव भागाला थोडी कमी. कॅमरून मागे टाकलं, ट्यूबा सिटी गेली, आणि केयेंटाच्या रस्त्यावर काऊ स्प्रिंग्ज नावाची वस्ती आली. वस्ती म्हणजे काय, तर लाल माती, जुनिपरची खुरटी झाडं, लांब लांब विखुरलेली घरं आणि त्यांच्या पलीकडे ब्लॅक मेसाचं पठार. हा पट्टा, काऊ स्प्रिंग्ज आणि शॉन्टो, नवाहो कुंभारकामाचं माहेर समजला जातो.

रस्त्याकडेला टेबल मांडून एक साठीच्या बाई बसल्या होत्या. टेबलावर पाच-सहा मडकी आणि थोडे मण्यांचे दागिने. सगळी मडकी तपकिरी, अंगावर धगीचे काळे-पिवळट डाग. नक्षी जवळजवळ नाहीच. एकाच्या गळ्याखाली मातीची बारीक वळी लावून ती चिमटीने दुमडत नेलेली, आपण करंजीला मुरड घालतो तशी. मी मडकं फिरवत फिरवत बघितलं, तर ती मुरड एका ठिकाणी तुटलेली. बोटभर जागा कोरी. मी वाटाघाटीला निमित्त मिळाल्याच्या आनंदात म्हटलं, “हे इथे निघालंय वाटतं.” बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “निघालेलं नाही. तो रस्ता आहे,” एवढंच म्हणाल्या.

त्यावर मी भाव न करता मडकं घेतलं. दुसरं काय करणार!

त्या मुरडीला त्यांच्या भाषेत ‘बियो’ म्हणतात. ‘यो’ म्हणजे मणी. बियो म्हणजे तिचे मणी, तिची माळ. मडक्याला गळा, पोट, बूड आपणही म्हणतो, तेव्हा गळ्यात माळ असण्याचं मला काही नवल वाटलं नाही. नवल त्या फटीचं. तिचं नाव ‘अतीन’, म्हणजे वाट. माळ पूर्ण गुंफून गाठ मारली तर आतलं आत कोंडून पडेल, म्हणून सोडलेली जागा. विणकरणीही घोंगडीच्या किनारीतून एक धागा असाच बाहेर काढून देतात. करणारीचं मन, तिची पुढची कल्पना त्या वस्तूत अडकू नये, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

जुन्या नोंदी वाचल्या तर या कामाभोवती बरंच सोवळंओवळं दिसतं. मडकी घडवायची बायकांनी, आणि शक्यतो एकटीने. काम चालू असताना कुणी बघत राहू नये, नाहीतर भाजताना तडकतं. चाक नाही. ब्लॅक मेसाच्या बाजूची माती आणायची, चाळायची, भिजवायची, तिच्यात जुन्या खापरांची पूड नाहीतर वाळू कालवायची. मग वळ्यांवर वळ्या चढवत जायचं आणि आतून-बाहेरून खरवडून भिंत एकजीव करायची. भट्टी नाही. उघड्यावर खड्ड्यात जुनिपरची लाकडं रचून आवा लावायचा. जळतं लाकूड ज्या अंगावर कोसळेल तिथे काळा ढग उठतो. तो डाग कुणी पुसत नाही की झाकत नाही. माझ्या मडक्यावरचा असाच एक डाग मला बसलेल्या मांजरासारखा दिसतो.

आता गंमत अशी, की ही साधी तपकिरी मडकी म्हणजेच अस्सल, असं समजावं तर इतिहास आडवा येतो. १८ व्या शतकात याच लोकांची मडकी रंगीत होती. १६८० मध्ये प्वेब्लो या शेजारच्या मूलनिवासींच्या गावांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला, पुढे स्पॅनिश परतले तेव्हा त्या गावांतली माणसं नवाहोंच्या आश्रयाला आली, आणि त्या शेजारातून पिवळ्या अंगावर लाल-काळ्या रंगांची नक्षी असलेली भांडी घडली. मग हळूहळू रंग गेले. मडकं विधीच्या कामाचं असल्यामुळे ते कसं असावं हे सांगणारे विधी जाणणारे गायक होते, त्यांना ‘हताली’ म्हणतात, आणि नक्षीबाबत ते कडक होते. चालून जाई ती एवढी मण्यांची माळ. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने हजारो दिनेंना घराबाहेर काढून न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोच्या छावणीपर्यंत पायी नेलं. १८६८ च्या तहानंतर ती माणसं परत आली, तोवर जगणंच बदललेलं. मागोमाग व्यापाऱ्यांची दुकानं, १८८० च्या दशकात रेल्वे, आणि रेल्वेबरोबर पत्र्याची आणि एनॅमलची भांडी. चुलीवरचं मडकं उतरलं ते उतरलंच. उरलं ते विधीपुरतं. शत्रूची बाधा उतरवण्याचा एक मोठा विधी आहे, त्याला लागणारा ढोल मडक्याचाच: आत थोडं पाणी घालायचं आणि तोंडावर कातडं ताणून बांधायचं. एनॅमलच्या पातेल्याचा ढोल कसा होणार? तेवढ्या गरजेवर ही कला तगली.

१९५० च्या दशकापासून फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला दुकान चालवणारे विल्यम बीव्हर ही ‘चिखलाची भांडी’ विकत घेऊ लागले. तोवर व्यापाऱ्यांच्या लेखी नवाहो म्हणजे घोंगडी आणि चांदी. मडक्यांना कुणी विचारत नव्हतं. काऊ स्प्रिंग्जच्या रोझ विल्यम्स मोठमोठे रांजण आणि ढोलाची मडकी घडवत. त्या शिकल्या नात्यातल्या ग्रेस बार्लो यांच्याकडून, आणि त्यांची मुलगी ॲलिस क्लिंग. ॲलिस क्लिंग यांनी मडकं नदीतल्या गोट्याने इतकं घोटायला सुरुवात केली, की राळेचा पातळ हात दिला तरी तांबूस-जांभळी चकाकी येते. १९७८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जोन माँडेल यांनी सरकारी निवासस्थानासाठी त्यांचं मडकं निवडलं. सायलस क्लॉ आणि बर्था क्लॉ यांनी मडक्यावर मातीचे छोटे प्राणी चिकटवले. त्यात शिंगांचा सरडा दिसतो; तो दिनेंचा आजोबा, रक्षणकर्ता. वाटेत दिसला तर त्याला दुखवायचं नाही, आजोबा म्हणून हाक मारायची.

इथवर ठीक होतं. मला अडवलं ते पुढच्या टप्प्याने. मडक्यावर देव आले तेव्हा.

हे देव मूळचे वाळूतले. आजारी माणसाला बरं करण्यासाठी हताली आपल्या सहायकांसह ‘होगान’मध्ये, म्हणजे पूर्वेला दार असलेल्या त्यांच्या घरात, जमिनीवर स्वच्छ वाळू पसरतात आणि चिमटीतून रंगीत दगडाची पूड, कोळसा, परागकण सोडत देवतांच्या, ‘येईं’च्या आकृत्या काढतात. भोवती तीन बाजूंनी इंद्रधनुष्याचा देह, पूर्वेची बाजू मोकळी. चित्राचं नाव ‘इइकाह’: देव जिथे येतात आणि जातात ती जागा. मग आजारी माणूस त्या चित्रावर जाऊन बसतो. देवाच्या पायाची वाळू याच्या पायाला, हाताची हाताला. चित्र तिथेच मोडतं, दिवस मावळायच्या आत वाळू गोळा करून बाहेर नेऊन टाकतात. हिवाळ्यात होणारा ‘रात्रीचा विधी’ नऊ रात्री चालतो. मी यातलं काही पाहिलेलं नाही आणि पाहण्याचा माझा अधिकारही नाही. सांगते ते वाचलेलं.

अशा चित्राला कायमचं करणं म्हणजे देवाला येण्याची वाट ठेवून जाण्याची बंद करणं. तरी ते झालं, आणि केलं ते घरच्याच माणसाने. हस्तीन क्लाह मोठे हताली होते, आणि विणकरही. १९१९ च्या सुमारास त्यांनी वाळूचित्र घोंगडीत विणायला घेतलं. भोवतालचे लोक हादरले, की आता याला अंधत्व येणार, घरावर संकट येणार. काही झालं नाही. त्यांनी पुढे आपल्या भाच्यांनाही विणायला बसवलं, पण त्याआधी त्यांच्यासाठी संरक्षणाचा विधी केला. मला क्लाह फार आवडतात. आपलं ज्ञान आपल्याबरोबर संपेल ही भीती, आणि नियम मोडतोय ही जाणीव, दोन्ही बाळगून ते विणत राहिले. मेरी कॅबट व्हीलराइट या श्रीमंत बाईंबरोबर त्यांनी सांता फेमध्ये संग्रहालय उभं करायला घेतलं, होगानच्या आकाराचं. १९३७ मध्ये ते उघडलं तेव्हा क्लाह हयात नव्हते. आणि १९७७ मध्ये त्याच संग्रहालयाने विधीत लागणाऱ्या पवित्र वस्तूंच्या पोतड्या नवाहोंना परत केल्या.

पुढे लाकडी फळीवर गोंद लावून विकायची वाळूचित्रं आली, तेव्हा करणाऱ्यांनी एक तोड काढली. चित्र जसंच्या तसं काढायचं नाही. एखादा रंग बदलायचा, एखादी आकृती गाळायची, दिशा फिरवायची. घेणाऱ्याला कळत नाही, देवाला कळतं. मग हीच चित्रं मडक्यावरही आली. ल्यूसी मॅकेल्वी यांनी घोटलेल्या अंगावर मातीच्याच रंगांनी वाळूचित्रातल्या आकृत्या काढल्या. मडक्याच्या गोलाईवर त्या उंच, सडसडीत येई एकमेकींमागून फिरत राहतात. आयडा साहमी यांची गोष्ट मला आणखी जवळची वाटते. त्या नवाहो, लग्न होऊन होपी या शेजारच्या जमातीतल्या घरात गेल्या. सासू प्रिसिला नामिंघा होपींच्या नामपेयो या नावाजलेल्या कुंभार घराण्यातल्या. माती, घडवणं, भाजणं सगळं सुनेने सासूकडून उचललं. नक्षी मात्र सासरची घेतली नाही, माहेरची काढली: होपी घाटाच्या फिक्या मडक्यावर रात्रीच्या विधीत नाचणाऱ्या येईंची रांग. ओटी सासरची, आणि त्यात बांधून आणलेलं माहेर.

हे सगळं कळल्यावर मी ती पहिली, साच्यातली फुलदाणी पुन्हा काढली. तिच्यावरच्या देवतेला पाय होते चार, आणि डोक्यावरची पिसं एका बाजूला कमी. आधी मला तो रंगवणारीचा हलगर्जीपणा वाटला होता. आता सांगता येत नाही. घाई असेल, किंवा तिनेही जाणूनच चुकवलं असेल. साच्याच्या पांढऱ्या भांड्यावरही खरा देव काढायचा नाही, एवढं तिने पाळलं असेल. विचारायला ती कुठे आहे? बुडाशी नुसती सही.

चुकवण्यावरून आणखी एक सांगायचं राहतं. रात्रीच्या विधीतल्या एका वाळूचित्रात गरगर फिरणारे ओंडके असतात. पोकळ ओंडक्यात बसून नदीतून निघालेल्या नायकाला दोन पाण्यांच्या संगमाजवळ एकमेकांवर आडवे पडून फिरणारे ओंडके दिसतात, त्यांच्यावर बसलेले येई दिसतात, आणि त्यांच्याकडून तो बियाणं नि शेतीची विद्या घेऊन येतो. हे ओंडके कापडावर किंवा मडक्यावर काढले, की आपल्या डोळ्यांना दिसतो तो सरळ स्वस्तिक. क्लाहनी विणलेलं पहिलं चित्र तेच होतं. २८ फेब्रुवारी १९४० रोजी नवाहो, होपी, अपाची आणि पापागो यांच्या प्रतिनिधींनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आमच्या पूर्वजांच्या या स्नेहाच्या चिन्हाची दुसऱ्या एका राष्ट्राने विटंबना केली आहे, म्हणून इथून पुढे घोंगड्या, टोपल्या, कपडे, वाळूचित्रं कशावरही आम्ही ते काढणार नाही. मी हे वाचलं तेव्हा मला आमचा इथला पहिला पाडवा आठवला. दाराबाहेर रांगोळी, मध्ये स्वस्तिक. समोरच्या वृद्ध गृहस्थांनी अगदी हळू आवाजात विचारलं, हे काय आहे. मी समजावून सांगितलं, त्यांना पटलंही. ते गेल्यावर मी ओला फडका आणला आणि स्वस्तिकाचं कमळ केलं. कुणी सांगितलं नव्हतं. चार जमातींनी कागदावर सही करून जे केलं, ते मी फडक्याने केलं, आणि दोन दिवस माझी मलाच चीड येत राहिली. अलीकडे काही दिने विणकर फिरते ओंडके पुन्हा विणतात म्हणे. आम्ही अजून कमळच काढतो.

यंदा आई नवरात्रात इथे होती. घटासाठी मातीचं मडकं हवं म्हणून तिने घर धुंडाळलं, आणि कपाटावरून नेमकं राळेचं मडकं खाली उतरवलं. आधी नाकाशी नेलं, मग आत हात घालून चाचपलं, मग टिचकी मारली. आवाज बद्द आला.

“भाजलंय कच्चं. पण हाताचं आहे,” ती म्हणाली. “आणि हे पोटावर काय लिहिलंय?”

“जाहिरात आहे. चिकटलीय. आई, ते घटाला नको घेऊस. त्यांच्याकडे ही विधीची भांडी असतात.”

“अगं, मग तर नकोच. ज्यांचे देव त्यांनी बोलवायचे, त्यांनीच पोचवायचे. आपल्याला काय येतंय त्यातलं? आवाहन येत नाही नि विसर्जनही येत नाही.”

तिने घट स्टीलच्या तांब्यावर मांडला. माती मात्र हार्डवेअरच्या दुकानातल्या पिशवीतली घ्यावी लागली, त्यावर तीन दिवस कुरकुर चालली. दुपारी मला वाटलं झोपली असेल, तर ती बाल्कनीत बसून मडक्याच्या पोटावर खोबरेल तेल चोळत होती. पापुद्रे सुटत होते. संध्याकाळपर्यंत सगळी जाहिरात गेली, एका ओळीचा शेवट तेवढा राहिला. तो धगीच्या काळ्या डागावर आला होता, म्हणून दिसतही नव्हता.

मडकं तिनेच परत कपाटावर ठेवलं. ठेवलं, दोन पावलं मागे गेली आणि पुन्हा पुढे झाली.

“ही जागा सोडलीय ती कशाला?”

“वाट आहे ती. आतलं बाहेर जायला.”

“आणि तू ती भिंतीकडे करून ठेवली होतीस?”

तिने दोन्ही हातांनी मडकं अलगद फिरवलं आणि फट दाराच्या समोर आणली. आमचं दार पश्चिमेला आहे. मी काही बोलले नाही.